अकरा दिवस झाले, अजून काही नाही



माझा विषय साथरोगांचा इतिहास, हे इथल्या नेहमीच्या वाचकांना माहीत आहेच. 'याचा आज काय उपयोग?' हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी विचारला जातो. मुलाखतीत विचारला जातो, प्रगती अहवालाच्या बैठकीत विचारला जातो आणि लग्नाच्या पंगतीत तर हमखास. मी आजवर काहीतरी गोलमोल उत्तर देऊन वेळ मारून नेत होते. गेल्या महिन्यात मात्र घरातच असा प्रसंग आला की १८४६ सालची एक वही काढून बसावं लागलं. त्या वहीत काय होतं आणि ती वाचताना संशोधक म्हणून काय लक्षात ठेवायचं, हे आज सांगते. जे आत्ताच प्रवेश परीक्षेची किंवा संशोधन आराखड्याची तयारी करत आहेत, त्यांनी शेवटचा भाग जरूर वाचा.

आधी घरचा प्रसंग.

माझ्या मामेबहिणीच्या मुलाचं उष्टावण होतं. बाळ सहा महिन्यांचं. आजीचा पणतू, त्यामुळे तिचा उत्साह विचारूच नका. मामेबहिणीला सख्खा भाऊ नाही, म्हणून मामाच्या मांडीवर बसवून बाळाला पहिला घास भरवायचा मान माझ्या दादाचा. चांदीची वाटी, खीर, सगळं ठरलेलं. आणि त्याच सुमारास दादाच्या मुलाच्या, म्हणजे माझ्या सहा वर्षांच्या भाच्याच्या, शाळेच्या व्हॅनमधल्या एका मुलाला गोवर निघाला.

तारखा नीट बघा, कारण पुढचं सगळं तारखांवरच आहे. दोघं सोमवारी, मंगळवारी आणि बुधवारी व्हॅनमध्ये शेजारी बसून गेले. गुरुवारी तो मुलगा तापामुळे घरी राहिला. शुक्रवारी त्याच्या अंगावर पुरळ उठलं. तो गोवरच आहे असा निरोप आमच्यापर्यंत पोचायला पुढचा सोमवार उजाडला. उष्टावण होतं त्याच आठवड्याच्या रविवारी. म्हणजे दोघांच्या शेवटच्या भेटीनंतर बरोबर अकराव्या दिवशी.

भाच्याचा गोवराच्या लशीचा पहिला डोस झाला होता, दुसरा लॉकडाऊनच्या गोंधळात राहून गेला होता. पोरगा मात्र ठणठणीत. ताप नाही, सर्दी नाही, घरभर क्रिकेट चालू. आजीने निकाल देऊन टाकला : "अकरा दिवस झाले, अजून काही नाही. यायचा असता तर एव्हाना आला असता. आणा त्याला."

हे वाक्य ऐकायला अगदी बरोबर वाटतं ना? मलाही क्षणभर वाटलं. किंबहुना बहुतेक घरांत निर्णय असाच होतो. मूल आजारी दिसतंय का? नाही. मग न्या. यात सगळा भर 'दिसण्यावर' आहे. आता हा भर कधी आणि कसा हलला, ते बघण्यासाठी आपल्याला पुण्यातून थेट उत्तर अटलांटिकमध्ये जायचं आहे.

फेरो बेटं, १८४६

स्कॉटलंड आणि आइसलंड यांच्या मध्ये फेरो नावाचा अठरा बेटांचा पुंजका आहे. डेन्मार्कच्या राजसत्तेखालचा. त्या काळी तिथला व्यापार ही राजसत्तेची मक्तेदारी होती, ती उठली १८५६ साली. त्यामुळे तिथे बाहेरची गलबतं कमी यायची आणि गलबतांबरोबर येणारे आजारही कमी यायचे. गोवराची मोठी साथ आली होती ती १७८१ साली. त्यानंतर ६५ वर्षं गोवर नाही. म्हणजे १८४६ साली ज्यांचं वय ६५च्या आत होतं आणि जे बाहेर कुठे जाऊन आले नव्हते, त्यांच्यापैकी कोणालाच गोवर झालेला नव्हता. सहा महिन्यांचं बाळ आणि साठ वर्षांचा कोळी या आजारापुढे सारखेच उघडे.

मार्च १८४६च्या अखेरीस कोपनहेगनहून एक सुतार गलबताने फेरोला आला. निघण्याआधी तो गोवराच्या रुग्णांना भेटून आला होता. प्रवासात ठीक होता, उतरतानाही ठीक होता. एप्रिलच्या सुरुवातीला त्याला गोवर निघाला. ऑक्टोबरपर्यंत ७,७८२ लोकवस्तीतल्या सुमारे ६,००० जणांना गोवर होऊन गेला. शंभराहून अधिक माणसं दगावली.

जरा थांबून त्या सुताराकडे बघा. बंदरावर कोणी त्याला 'आजारी आहेस का?' विचारलं असतं, तर त्याने 'नाही' म्हटलं असतं आणि ते खरंच असतं. त्याला विचारायचा प्रश्न वेगळा होता : 'गेल्या दोन आठवड्यांत कोणाला भेटलास?' पण हा प्रश्न विचारावा आणि त्यात 'दोन आठवडे'च म्हणावं, हे कोणाला पक्कं माहीत नव्हतं. लागण झाल्यापासून लक्षण दिसेपर्यंतच्या काळाला आपण अधिशयन काळ म्हणतो. असा काही काळ असतो याचा अंदाज वैद्यकाला होता, पण गोवरात तो नेमका किती, यावर एकमत नव्हतं.

डॅनिश सरकारने साथीचा तपास करायला दोन तरुण डॉक्टर पाठवले. त्यांतला एक पीटर लुडविग पॅनम. वय पंचवीस, नुकताच परीक्षा पास झालेला. (तुमच्यापैकी अनेकांचं वय हेच असेल, म्हणून मुद्दाम सांगितलं.) कोपनहेगनमधली पॅनम इन्स्टिट्यूट ती याच्याच नावाची. तो होडीने आणि पायी गावोगाव फिरला आणि १८४७ साली त्याने आपली निरीक्षणं प्रसिद्ध केली.

देवमाशांची शिकार हे घड्याळ

आता खरी गंमत. कोपनहेगनसारख्या शहरात माणूस दिवसाला शेकडो लोकांना भेटतो. आज पुरळ उठलं, तर लागण कालची, परवाची की तीन आठवड्यांपूर्वीची, हे कसं सांगणार? फेरोमधल्या खेड्यांत मात्र महिना महिना बाहेरचं कोणी यायचं नाही. ज्या दिवशी माणसं भेटली, तो दिवस लक्षात राहायचा. आणि माणसं भेटायची ती कुठे? सण, चर्च, आणि देवमाशांची शिकार.

ही शिकार म्हणजे तिथला सार्वजनिक प्रसंग. समुद्रात पायलट जातीच्या देवमाशांचा कळप दिसला, की आजूबाजूच्या गावांतल्या होड्या जमतात, कळपाला खाडीत हाकतात आणि मग मांस सगळ्या गावांत वाटलं जातं. ४ जून १८४६ रोजी वेस्टमान्ना या बंदरात अशी शिकार झाली. त्योर्नुविक नावाच्या आडबाजूच्या गावातून एक होडी गेली होती. होडीत दहा माणसं. शिकार झाली, मांस घेऊन दहाही जण गावी परतले.

१८ जूनला दहाही जणांच्या अंगावर पुरळ उठलं. दहाच्या दहा, एकाच दिवशी. चार तारखेपासून बरोबर चौदाव्या दिवशी.

गावातल्या बाकीच्यांना तेव्हा काही नव्हतं. त्यानंतर पुन्हा दोनेक आठवड्यांनी घराघरांतून दुसरी लाट आली. पॅनमने असे प्रसंग गावागणिक गोळा केले. पहिलं पुरळ कोणाला, कोणत्या तारखेला? मग तिथून तेरा-चौदा दिवस मागे जा. त्या दिवशी कोण कुठे गेलं होतं, कोण गावात आलं होतं? उत्तरं जुळत गेली. लागण ते पुरळ हा काळ तेरा ते चौदा दिवस, असा निष्कर्ष त्याने काढला. आजच्या पाठ्यपुस्तकांत हा काळ सरासरी चौदा दिवस, सात ते एकवीस दिवसांच्या मर्यादेत दिलेला असतो. प्रयोगशाळा नाही, विषाणूचा पत्ता नाही आणि तरी पंचविशीतल्या एका मुलाने होडीतून फिरत काढलेला आकडा पावणेदोनशे वर्षांनी जवळजवळ तसाच आहे.

त्याचं दुसरं निरीक्षण तितकंच मोलाचं. १७८१च्या साथीत लहानपणी गोवर होऊन गेलेले म्हातारे त्या बेटांवर अजून होते. अशा ९८ जणांना तो स्वतः भेटला. एकालाही पुन्हा गोवर झाला नाही. म्हणजे एकदा गोवर झाला, की ६५ वर्षांनीही संरक्षण टिकून.

तिसरी गोष्ट मात्र त्याला पूर्ण सुटली नाही. पुरळ उठतं त्या सुमारास आजार सर्वांत जास्त पसरतो, असं त्याने मांडलं. पण पुरळाच्या नेमका किती आधीपासून पसरतो, ही मर्यादा पुढच्या लोकांनी ठरवली. १८९६ साली न्यूयॉर्कच्या हेन्री कोप्लिक या बालरोगतज्ज्ञाने गालाच्या आतल्या बाजूला पुरळाआधीच दिसणाऱ्या बारीक पांढरट ठिपक्यांचं वर्णन केलं. म्हणजे आजार अंगावर दिसायच्या आधी तोंडात दिसू लागला. आज आपण धरतो ती मर्यादा अशी : पुरळाआधी चार दिवस आणि पुरळानंतर चार दिवस मूल दुसऱ्याला गोवर देऊ शकतं.

आता आजीचं वाक्य पुन्हा वाचा

'अकरा दिवस झाले, अजून काही नाही.'

हिशोब करू या. व्हॅनमधल्या मुलाला शुक्रवारी पुरळ उठलं, म्हणजे तो सोमवारपासून संसर्ग देऊ शकत होता. माझ्या भाच्याला लागण झालीच असेल, तर ती सोमवार ते बुधवार यांपैकी एका दिवशी. सोमवारची धरली तर चौदावा दिवस उष्टावणाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे सोमवारी. बुधवारची धरली तर उष्टावणानंतरच्या बुधवारी. या दोन्ही तारखांमधून चार दिवस वजा करा. रविवार कुठे पडतो? बरोबर मध्ये. मूल घरभर खेळतंय, अंगावर एक ठिपका नाही, आणि जर लागण झालेली असेल तर नेमक्या याच दिवसांत ते भोवतालच्यांना गोवर देतंय.

म्हणजे 'अकरा दिवस झाले' हे निर्धास्त होण्याचं कारण नव्हतं, सावध होण्याचं होतं. अजून एक गंमत बघा. हेच उष्टावण आधीच्या रविवारी असतं, तर शेवटच्या भेटीनंतर अवघे चार दिवस झालेले असते आणि सगळ्यांनीच घाबरून त्याला घरी ठेवलं असतं. खरं तर त्या दिवशी त्याच्यापासून धोका फारच कमी होता, कारण लागण झाली असती तरी आजार अजून पसरवण्याइतका वाढलेला नसता. भीती ज्या क्रमाने ओसरते, त्याच्या उलट क्रमाने धोका वाढत होता. आजही संपर्कात आलेल्या आणि संरक्षण नसलेल्या मुलांना वेगळं ठेवण्याचा काळ पहिल्या संपर्कानंतरच्या पाचव्या दिवसापासून शेवटच्या संपर्कानंतरच्या एकविसाव्या दिवसापर्यंत धरतात, तो याच हिशोबाने.

आणि समोर कोण होतं? सहा महिन्यांचं बाळ. आपल्याकडे गोवराच्या लशीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. म्हणजे ज्याच्यासाठी समारंभ, तोच सगळ्यांत उघडा. नऊ महिन्यांच्या वयात दिलेला एक डोस सुमारे ८५ टक्के मुलांना संरक्षण देतो. भाचा त्या ८५मध्ये असण्याचीच शक्यता जास्त होती, हे मान्य. पण उरलेली शक्यता कोणाच्या अंगावर टाकायची, हा प्रश्न होता.

आमच्या बालरोगतज्ज्ञांना फोन केला. त्यांनी तारखा विचारल्या, एकवीस दिवस शाळा नको आणि समारंभही नको असं सांगितलं. राहिलेला दुसरा डोस देऊन टाकला. संपर्कानंतर ७२ तासांच्या आत लस दिली तर त्याच लागणीपासूनही संरक्षण मिळू शकतं, पण निरोपच उशिरा आल्याने ती वेळ टळून गेली होती.

मग प्रश्न दादाचा. तो तर त्याच घरात राहतो! मामाच नसेल तर घास भरवणार कोण? इथे पॅनमचे ते ९८ म्हातारे कामाला आले. आईला पक्कं आठवत होतं की दादा पहिलीत असताना त्याला गोवर निघाला होता आणि पाठोपाठ मलाही. डॉक्टरांनी गोवर असंच निदान केलेलं, त्या वेळची फाईल आईने जपून ठेवली होती. (लहानपणीचं प्रत्येक पुरळ गोवराचंच असतं असं नाही, म्हणून कागद महत्त्वाचा.) एकदा होऊन गेलेल्याला पुन्हा होत नाही, म्हणजे तो घेऊनही जाणार नाही. डॉक्टरांनीही होकार दिला. दादा-वहिनी गेले. वहिनीचे दोन्ही डोस झालेले. मी भाच्याबरोबर घरी राहिले आणि सहा वेळा आउट झाले.

पॅनमच्या एका निरीक्षणाने मुलाला घरी ठेवलं, दुसऱ्याने बापाला जाऊ दिलं. 'सरसकट कोणीच जाऊ नका' म्हणणं सोपं होतं. पण ज्ञानाचा उपयोग फक्त अडवण्यासाठी नसतो, कोणाला अडवायची गरज नाही हे कळण्यासाठीही असतो.

नियम झाल्यावर काय होतं

हा हिशोब हळूहळू नियमांत आला. इंग्लंडमध्ये १८८४ साली शाळांच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची संघटना स्थापन झाली आणि १८८५ साली त्यांनी शाळांसाठी संसर्गजन्य आजारांची नियमावली तयार केली. वसतिगृहाच्या शाळांत सुट्टीवरून परतणाऱ्या मुलाबरोबर पालकांनी लिहून द्यायचं, की सुट्टीत त्याचा कोणत्याही संसर्गाशी संबंध आलेला नाही. इथे प्रश्न 'मूल आजारी आहे का' वरून 'मूल कोणाच्या संपर्कात आलं' वर गेलेला दिसतो. आणि उत्तर देणार कोण? पालक. सगळा डोलारा पालकाच्या खरं सांगण्यावर.

हे खरं सांगणं कधी आटतं, ते बघायला लांब जायची गरज नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग आला. त्याच वर्षी फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला होता. रँडच्या अधिकाराखाली सैनिकांनी घरं तपासली. रुग्णांना इस्पितळात नेलं आणि त्यांच्या घरच्या धडधाकट माणसांना, केवळ संपर्कात आले म्हणून, वेगळ्या छावणीत. कल्पना वरवर तीच : आजारी दिसत नाही, पण संपर्कात आहे. परिणाम काय झाला? लोक रुग्ण लपवू लागले. पुढे २२ जूनच्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, तो इतिहास तुम्हाला माहीत आहे. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून माणसाला होतो, ही मांडणी पॉल-लुई सिमोंद यांनी कराचीत केली ती १८९८ साली. म्हणजे घरच्या माणसांना उचलून नेलं जात होतं तेव्हा, आजार मुख्यतः कोणामार्फत पसरतो हेच नेणाऱ्यांना कळलेलं नव्हतं.

पॅनमही सरकारनेच पाठवलेला माणूस होता, हे विसरू नका. पण तो गावात शिरताना विचारत होता, 'त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?' ज्याला खरं सांगितल्यावर काही गमवावं लागत नाही, तो खरं सांगतो. पुण्यात खरं सांगण्याची किंमत घरच्या माणसाच्या रूपाने मोजावी लागत होती. व्हॅनमधल्या त्या मुलाच्या आईने निरोप पाठवला नसता तर आम्हाला काहीच कळलं नसतं. त्या निरोपानंतर व्हॅनच्या ग्रुपवर तिला दोघा-तिघांनी टोचून बोलून घेतलं. पुढच्या वेळी ती सांगेल का? मला शंका आहे.

प्रत्येक आजाराला हे घड्याळ लागत नाही, हेही लक्षात असू द्या. गोवराची लागण झालेल्या, संरक्षण नसलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या अंगावर पुरळ येतं, म्हणून मागे मोजता येतं. पोलिओत तसं नाही. १९०५ साली स्वीडनमध्ये पोलिओची मोठी साथ आली, तेव्हा ईवार विकमन या डॉक्टराने ट्रेस्टेना नावाच्या गावात घरोघरी चौकशी केली. हातपाय लुळे पडलेली मुलं तर त्याने मोजलीच, पण नुसता ताप येऊन बरी झालेलीही मोजली. तेव्हा कुठे गावातल्या शाळेभोवती साथीचं जाळं दिसलं. फक्त ठळक रुग्ण मोजले असते, तर ते दिसलंच नसतं. गोवराचा नियम जसाच्या तसा पोलिओला लावला तर तो फसतो. हीच गोष्ट कांजिण्यांची, गालगुंडाची, कोविडची. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं.

तुमच्या वहीसाठी

आता संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी चार गोष्टी.

पहिली. पॅनमला चांगली माहिती मिळाली ती समारंभांमुळे. तारीख विचारली तर माणूस चुकतो, पण 'देवमाशांच्या शिकारीला गेला होतात का?' असं विचारलं तर चुकत नाही, असा माझा तर्क आहे. तुम्ही मौखिक इतिहासाच्या मुलाखती घेणार असाल, तर 'कोणत्या वर्षी?' विचारू नका. 'गावच्या जत्रेच्या आधी की नंतर? धाकटीच्या बारशाच्या आधी की नंतर?' असं विचारा. पत्रिका, आहेराच्या वह्या, देवळाच्या उत्सवाचे हिशोब हे तारखांचे पुरावे आहेत.

दुसरी. लहान आणि एकाकी ठिकाण निवडण्यात कमीपणा नाही. आराखडा लिहिताना सगळ्यांना 'संपूर्ण महाराष्ट्र' हवा असतो. त्योर्नुविकसारखं एक गाव, एक होडी, दहा माणसं. कोपनहेगनच्या हजारो रुग्णांनी जे सांगितलं नाही ते या दहांनी सांगितलं, कारण तिथे दुसरा कोणता दिवस शक्यच नव्हता.

तिसरी. तुमच्या साधनांत कोण दिसत नाही, ते विचारा. विकमनने विचारलं. पुण्याच्या १८९७च्या आकड्यांकडे बघतानाही हाच प्रश्न हवा : लपवलेले रुग्ण कुठल्या रकान्यात?

चौथी मला स्वतःलाच जड जाते. फेरोमध्ये काही वस्त्यांनी येणं-जाणं तोडलं आणि त्या साथीतून सुटल्या. तिथे न मेलेल्या माणसांची नावं कुठेच नाहीत. मेलेल्यांची चर्चच्या दप्तरात आहेत. टळलेल्या गोष्टीचं दप्तर नसतं. इतिहासाच्या साधनांत संकटांची गर्दी दिसते आणि सावधपणा दिसत नाही, त्याचं एक कारण हे आहे.

आमच्या घरीही तेच झालं. सोमवार गेला, बुधवार गेला, एकवीस दिवस गेले. भाच्याला गोवर निघाला नाही. आजीचा फोन आला : "बघ, काही झालं नाही. उगाच पोराला घरी ठेवलंस. खीर किती छान झाली होती." मी तिला ८५ टक्क्यांचं गणित सांगायला गेले, तिने मध्येच तोडलं. तिचंही बरोबर आहे. तिच्या दृष्टीने अंदाज खरा ठरला. पण निर्णय बरोबर होता की चूक हे नंतर काय झालं यावरून ठरत नाही, निर्णय घेताना काय माहीत होतं यावरून ठरतं. इतिहासातल्या माणसांना आपण हाच न्याय लावायला हवा आणि तो लावणं फार अवघड जातं, कारण शेवट आपल्याला आधीच माहीत असतो.

बाळ आता सात महिन्यांचं झालंय. बरोबर दोन महिन्यांनी त्याचा पहिला डोस. ती तारीख मी घरच्या ग्रुपवर टाकून ठेवली आहे.

आणि तुमच्या घरी असा प्रसंग आला, तर इंटरनेटवरच्या इतिहासाच्या विद्यार्थिनीवर विसंबू नका, डॉक्टरांना विचारा. फक्त जाताना एका कागदावर तारखा लिहून न्या : शेवटची भेट कधी, समोरच्याला पुरळ कधी, समारंभ कधी आणि तिथे सगळ्यांत लहान कोण. पुढच्या लेखात पॅनमच्या अहवालातल्या न चाललेल्या भागांबद्दल लिहीन. तोवर तुमच्या आराखड्यातलं 'संपूर्ण महाराष्ट्र' खोडून तिथे एका गावाचं नाव लिहून बघा आणि काय बदलतं ते कळवा.